खालची ओळ

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या वर्कशॉपात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी सकाळपासून तोंड शिवून उभी होते, कारण दादा आठ महिन्यांनी त्याच्या खुर्चीत बसला होता.

लोकांनी दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरांमधली सगळी माहिती आम्ही पुसतो, त्यांच्यावर मोफत सॉफ्टवेअर चढवतो आणि ज्यांना नवे परवडत नाहीत अशा संस्थांना देतो. हे काम मला दादानंच शिकवलं. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, शब्द मात्र अजून अडखळतात. वहिनी त्याला सोडायला आली तेव्हा दाराशीच मला म्हणाली, "एक मशीन एकट्यानं करून बघायचंय त्याला. नाही जमलं तर परत इथे पाऊल टाकणार नाही म्हणतो. तू मध्ये लुडबुड करू नकोस."

"मी कशाला करतेय लुडबुड?"

दादानं झाकण उघडलं, धूळ काढली, स्क्रू एकेक करून बशीत ठेवले. एक घरंगळला तेव्हा माझे हात शिवशिवले, पण मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यानं आमची मोठी डिस्क जोडली. सहा वर्षांत जमवलेलं सगळं सॉफ्टवेअर त्या एकाच डिस्कवर होतं. दुसरी प्रत करायची राहून गेली होती, माझ्याच आळसानं.

पडद्यावर प्रश्न आला, कोणती डिस्क पुसायची? खाली दोन ओळी. एक मशीनच्या डिस्कची, एक आमच्या डिस्कची.

दादा खालच्या ओळीवर गेला. आमची डिस्क नेहमी खालीच दिसते. "नीट वाच" एवढंच म्हणायचं होतं, पण वहिनीची ताकीद आठवली. त्यानं बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली, तशी मी धावले आणि भिंतीतली पिनच उपटली.

पडदा काळा झाला. मी वाकून बघितलं. आज वायरी वेगळ्या जागी जोडलेल्या होत्या, त्यामुळे आमची डिस्क वर गेली होती. खालची मशीनचीच होती. दादानं वाचलं होतं, मी वाचलं नव्हतं. पिन परत लावली तर मशीनची म्हातारी डिस्क चारदा कटकटली आणि कायमची गप्प झाली.

"चुकलं," दादा म्हणाला. "माझं."

"नाही रे. तुझं बरोबर होतं. माती मी खाल्ली."

तो माझी समजूत काढल्यासारखा हसला. मी पिन उपटली म्हणजे तोच चुकला असणार, हे त्यानं धरूनच टाकलं होतं. घरी त्याच्या हातून कप पडला की वहिनी म्हणते, माझा धक्का लागला. गेल्या आठवड्यात त्यानं पाणी सांडलं तेव्हा मीही तसंच म्हटलं होतं.

"दादा, शप्पथ. या वेळी खरंच मी."

"सगळे... असंच म्हणतात," तो म्हणाला, आणि टेबलाखाली पायानं चपला शोधायला लागला.