झेला आणि पाखरांचा आंबा

मित्रांनो, मी जुना आहे, पण म्हातारा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं नाव झेला. तुमच्यापैकी ज्यांनी आंबा फक्त पेटीत पाहिला आहे, त्यांना माझी ओळख नसणार. एक लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला लोखंडाचं कडं, कड्याला धारदार पातं आणि खाली लोंबणारी जाळीची पिशवी, एवढंच माझं शरीर. काठी उंच धरली की पातं देठाला लागतं, फळ तुटतं आणि अलगद माझ्या जाळीत येतं. जमिनीवर पडलेल्या आंब्याला आतून मार लागतो. वरून तो चांगला दिसतो, आणि पिकायला अढीत ठेवला की स्वतः सडतो, शेजाऱ्यांनाही सडवतो. म्हणून फळ जमिनीला लागू द्यायचं नाही, हे माझं काम. ते मी इमानाने केलं आणि त्याचा मला गर्व आहे. ज्याला काम येतं त्याने थोडा गर्व केला तर काही बिघडत नाही.

कल्याणपासून थोडं आत, मलंगगडाच्या पायथ्याशी एक आंब्याची वाडी आहे. तिथे काळुराम नावाच्या आगरी शेतकऱ्याने मला घडवलं. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात आंबा आणि मधल्या दिवसांत खाडीवर मासे, असा त्याचा संसार. जाळं विणायला सरावलेल्या हातांनीच त्याने माझी जाळी विणली. त्याच्यामागे मी त्याच्या मुलाच्या, पोपटबाबांच्या हातात आलो. हापूस, पायरी, केसर, सगळ्यांची देठं मी ओळखू लागलो. कल्याणच्या बाजारात आमच्या वाडीची पेटी उघडली की गिऱ्हाईक म्हणायचं, "एकाही फळाला डाग नाय हो!" कौतुक आंब्याचं व्हायचं, पण पोपटबाबा घरी आल्यावर माझं कडं पुसून ठेवायचे. मला तेवढं पुरत असे.

मग आजूबाजूचं सगळं बदलायला लागलं. शेजारच्या वाड्यांमधली झाडं गेली आणि तिथे लग्नाची लॉन आली. तुम्ही अशा लॉनवर जेवला असाल. हिरवळ, कारंजं, रंगीत कमान आणि गाड्या लावायला मोठं मैदान. त्या मैदानाच्या जागी कोणाची झाडं होती, हे जेवताना कोण विचारणार? पोपटबाबांचा मुलगा मितेश यालाही लॉनच काढायचं होतं. पोरगा वाईट नाही. पण आंब्याच्या मागे वर्षभर राबायचं आणि एका वादळात सगळं जमीनदोस्त व्हायचं, याला तो कंटाळला होता. मी तर त्याच्या लेखी केव्हाच संपलो होतो. त्याने मोबाईलवरून ॲल्युमिनियमची एक लांब होणारी काठी मागवली आणि मला बघून म्हणाला, "याला पॉलिश करून गेटवर लावू. लोकांना असलं अँटिक आवडतं."

अँटिक! मी रागाने तापलो. पण झेल्याला कोण विचारतो?

मला वाचवलं ते मितेशच्या बायकोने. तिचं नाव कल्पिता. ती डोंबिवलीची, चौथ्या मजल्यावर वाढलेली, पण या घरात आली आणि झाडांच्या प्रेमातच पडली. तिचं म्हणणं असं, की वाडी आहे तशीच ठेवायची आणि शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार इथे बोलवायचं. त्यांनी झाडाखाली बसावं, चुलीवरची भाकरी खावी, स्वतःच्या हाताने आंबा काढावा. मितेश हसला. "ठाण्याची लोकं एसी सोडून इकडं डास मारायला येणार?"

"येतील. मी आणून दाखवते."

दोघांचा वाद रोजचा होऊन बसला. शेवटी एका संध्याकाळी पोपटबाबांनी निकाल दिला. पोपटबाबा कमी बोलतात, पण बोललेलं मागे घेत नाहीत. ते म्हणाले, "सूनबाय, तू एक डाव तुझी पावनी आन. ती खूश होऊन गेली, तर वाडी र्‍हाईल. नायतर मितेश सांगेल तसा."

म्हणजे सगळी झाडं त्या एका शनिवारावर येऊन टेकली होती. मित्रांनो, मीही.

कल्पिता कामाला लागली. माजिवड्याच्या एका मोठ्या सोसायटीत समीक्षा नावाची तिची मैत्रीण राहत होती. तिने सोसायटीतली काही कुटुंबं जमवली. मे महिना संपत आला होता, पण झाडांवर अजून आंबा होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी, गाद्या-चादरी आणायला कल्पिता कल्याणला गेली. जाताना सासू-सासऱ्यांना म्हणाली, "आई, बाबा, उद्या ती माणसं आंबे काढायला येणार आहेत. लक्षात आहे ना?"

दोघांनी मान डोलावली. सगळं नीट ऐकलं, नीट समजलं. आणि ती गेल्यावर रंगूबाई, म्हणजे तिची सासू, कपाळाला हात लावून म्हणाली, "पावना दारात येल नी त्याच्या हातात काठी देयाची? उन्हात उभा करायचा? आपली काय इज्जत र्‍हाईल गो बाय!"

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाटावर बसवतात. पाणी देतात, फळ चिरून पुढे ठेवतात, नको नको म्हणाला तरी वाढतात. पाहुण्याला कामाला लावणं म्हणजे घराचं नाक कापणं. पोपटबाबांनाही ते पटलं. त्यांनी ॲल्युमिनियमची काठी बाजूला सारली आणि भिंतीवर टांगलेल्या मला खाली काढलं. मित्रांनो, किती दिवसांनी तो हात माझ्या काठीवर आला! मी अशा चेवाने कामाला लागलो, की दिवस मावळेपर्यंत वाडीतलं एकेक झाड मोकळं झालं. रंगूबाईने आंबे धुतले, पुसले, गवत घालून पेट्यांत रचले. "आता बगा," ती म्हणाली, "पावन्यांना फकस्त उचलून नेयाचं काम."

कल्पिता अंधार पडल्यावर आली. दमलेली होती, वाडीकडे गेलीच नाही.

सकाळी गाड्या आल्या. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून सुटून आलेली मुलं दार उघडताच पळत सुटली. सगळ्यांत पुढे समीक्षाची मुलगी कृतिका. ती पहिल्या झाडाखाली थांबली. मग दुसऱ्या. मग ओरडली, "मम्मा, इकडे तर आंबेच नाहीयेत!"

रंगूबाई हसत पुढे झाली आणि ओटीवरच्या पेट्या दाखवल्या. "सगळं काढून ठेवलंय बाला, तुमाला तरास नको."

मग समीक्षा जरा संकोचून म्हणाली, "काकू, पेट्या छान आहेत हो. पण पेटी तर आम्हाला ठाण्यातही मिळते. मुलं आंबे काढायला मिळणार म्हणून पहाटे उठलेली." तिच्या मागे एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले. मुलं पायाने माती उकरत उभी राहिली. रंगूबाईचा चेहरा एवढासा झाला. एवढ्या प्रेमाने केलं आणि त्यानेच घात केला, हे तिला कळत होतं, पण का ते कळत नव्हतं. मला तिची फार दया आली. मितेश बायकोच्या कानाशी म्हणाला, "बघ. सांगितलेलं ना तुला?"

कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती सासूला एक शब्द बोलली नाही. ओढणीने डोळे पुसले, वाडीवरून एकदा नजर फिरवली आणि ओढ्याकडे बोट केलं. "बाबा, तो रायवळ?"

ओढ्याकाठी एक प्रचंड रायवळ आंबा आहे. कोणी लावलेला नाही, आपला आपण उगवलेला. फळं बारकी, धागेदार. घरात त्याला पाखरांचा आंबा म्हणतात, कारण तो पोपटांनी खायचा, माणसांनी सोडून द्यायचा. पोपटबाबांना शरम वाटली. "तो? अगं, तो बाजारात कोन फुकट पन घेत नाय. पावन्यांना तो खायाला देवू?"

"द्यायचा नाही बाबा. ते काढतील."

"लय उंच हाय. झेला पोचायचा नाय, मितेशची नवी काठी पन नाय."

"पोचवू."

आणि तिने मला उचललं. माझी जाळी आदल्या दिवशीच्या कामाने एका बाजूने उसवली होती. ती पोपटबाबांसमोर धरून म्हणाली, "बाबा, एवढी गाठ मारून द्या." पोपटबाबा रायवळाच्या मुळीवर बसले, नायलॉनची दोरी घेतली आणि खाडीवरचं जाळं दुरुस्त करावं तशा गाठी मारू लागले. मुलं भोवती जमली. "आजोबा, हे कसं केलं? परत दाखवा ना!" पोपटबाबांनी परत दाखवलं. पाहुण्याला काम शिकवायला त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली नसावी.

माझ्या काठीला दुसरी काठी बांधून मला लांब केलं. पण लांब झालो तसा मी जड झालो आणि डुलायला लागलो. कल्पिता आणि समीक्षाने मिळून मला वर नेलं. पहिला आंबा चुकला, जमिनीवर पडून फुटला. दुसराही पडला. मला असं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी हयात फळ पडू दिलं नाही आणि आज, सगळं पणाला लागलेलं असताना, माझंच डोकं गरगरत होतं! कल्पिताचे तळवे सोलले होते. "राहू दे गं," समीक्षा म्हणाली. कल्पिता म्हणाली, "नाही. आणखी एकदा." मीही मनात म्हटलं, आणखी एकदा.

तिसराही गेला. तेव्हा मागून मितेश आला. "अरे, काय लावलंय! असा धरतात का झेला? सोड, दे इकडं." त्याने काठी खांद्याला टेकवली, पाय रोवले. "कल्पिता, तू मधे पकड. पोरांनो, खाली हात लावा, पण ढकलायचं नाय हां." लॉनवाला मितेश, पण शेवटी काळुरामचा नातू! चुकणारा आंबा त्याला बघवेना.

मी वर गेलो. पानांतून वाट काढली. पातं देठाला लागलं, मी दम धरला आणि फळ माझ्या जाळीत आलं.

खाली असा आरडाओरडा झाला की फांदीवरचे पोपट उडाले. कृतिकाने जाळीतून आंबा काढला. तो पाडाचा होता, झाडावरच पिकलेला, उन्हाने कोमट. "हा कापायचा कसा?" तिने विचारलं. रंगूबाईच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. तिने आंबा हातात घेऊन बोटांनी मऊ केला, देठाकडचा थेंब पिळून टाकला आणि म्हणाली, "कापायचा नाय. चोखायचा."

मग काय विचारता! एकामागून एक फळं उतरली. लहान-मोठे सगळे मातीत बसून चोखत होते, रस कोपरांवरून ओघळत होता. घड्याळ बघणारे गृहस्थ कोय दातांनी सोलत म्हणाले, "हा कुठे मिळतो विकत? पेटी न्यायला आवडेल."

"न्हेता येत नाय सायेब," पोपटबाबा म्हणाले. "हा सांजेपर्यंत बी टिकत नाय. हितंच खायाला लागतो."

बोलता बोलता ते थांबले. मला वाटतं, आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच तेव्हा उमजलं. बाजाराने नाकारलेला तो आंबा फक्त इथे येणाऱ्यालाच मिळणार होता.

पडलेले आंबे रंगूबाईने वाया जाऊ दिले नाहीत. त्यांचं आंबट-गोड कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेली सुकट वाढली. दुपारी एका मुलाने हट्टाने एकट्याने मला उचललं आणि माझी काठी कडकन मोडली. पोरगं रडवेलं झालं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्यावर रागावलो नाही. भिंतीवर राहून कुजण्यापेक्षा एका मुलाच्या हातात मोडणं मला कधीही चालेल.

संध्याकाळी गाड्या निघाल्या. समीक्षा काच खाली करून म्हणाली, "पुढच्या शनिवारी आमच्या बाजूच्या बिल्डिंगवाले यायचं म्हणतायत. काकू, प्लीज, काही काढून ठेवू नका हां!" रंगूबाई तोंडाला पदर लावून हसली.

अंगण रिकामं झालं. कल्पिता सासऱ्यांसमोर उभी राहिली. विचारायची तिची हिंमत होत नव्हती. पोपटबाबांनी माझं कडं मोडक्या काठीवरून काढलं, पुसलं आणि मुलाच्या हातात दिलं.

"मितेश, उद्या सकाली नवी काठी तोडून आन. लांब बग. जुनी आखूड पडायची."

मितेशने कड्याकडे पाहिलं, मग बायकोच्या सोललेल्या तळव्यांकडे. "आणतो," तो म्हणाला. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला होता. तेव्हा कल्पिता ओटीवर बसून मोकळेपणाने रडली आणि रंगूबाई तिच्या तळव्यांना खोबरेल लावत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी असेल. माळ्यावर टाकलेलं, नाहीतर शोभेला टांगलेलं. आमची पूजा करू नका, आम्हाला पॉलिश करू नका. आम्हाला खाली काढा आणि कामाला लावा. जाळी फाटली तर गाठ मारा, काठी मोडली तर नवी बसवा. आणि एखाद्या वाडीत पाहुणे म्हणून गेलात, तर पेटी उघडायची घाई करू नका. आधी झाडाखाली उभे राहा, मान वर करा आणि मला हातात घ्या. पहिली फळं चुकतील. चुकू देत. मी पुन्हा वर जाईन.