तळघरातला ओटीपी

जुने नकाशे सांभाळणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे नकाशेकाका म्हणत. पुलांचे, गटारांचे, पाण्याच्या टाक्यांचे कागद एकवीस वर्षं त्यांच्या ताब्यात होते, तेही तळघरात. पूर्वी कुणाला नकाशा हवा असला की तो जिना उतरून खाली यायचा, धुळीच्या नावाने बोटं मोडायचा आणि दोन घटका बसायचा. मग सगळं मेलवर गेलं. काका नकाशा शोधायचे, स्कॅन करून पाठवायचे. पलीकडून ‘मिळाला’ एवढं आलं तरी खूप.

एका सोमवारी फर्मान निघालं. यापुढे मेल उघडताना पासवर्ड टाकला की मोबाइलवर ओटीपी येणार, तोही टाकायचा. काकांनी मुकाट्याने आपला नंबर नोंदवला. पण तळघरात रेंज औषधालाही नव्हती. पासवर्ड टाकायचा, धापा टाकत रिसेप्शनपर्यंत चढायचं, सहा आकडे घोकत उतरायचं, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पहिल्याच दिवशी चार खेपा झाल्या. गुडघ्यांनी हात टेकले.

रिसेप्शनच्या बाई हे बघत होत्या. म्हणाल्या, “काका, फोन माझ्याकडेच ठेवत जा. आकडे आले की मी इंटरकॉमवर सांगते.”

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. नऊ वाजता काका पासवर्ड टाकायचे आणि खालचा इंटरकॉम वाजायचा.

“घ्या लिहून. चार, शून्य, नऊ...”

आकडे संपले तरी बाई लगेच फोन ठेवत नसत. सासूबाईंनी परत गोळ्या कुंडीत पुरल्या, बाहेर कडक ऊन पडलंय, साहेब आज घुश्शात आहेत, असं काहीबाही सांगत. काका घरी एकटेच. बहिणीचा फोन यायचा, तो महिन्याकाठी एकदा. आता घरी जाताना रस्त्यात काही दिसलं की ते मनात बाजूला काढून ठेवू लागले, उद्या बाईंना सांगायला. एकदा तर त्यांनी शेवटचा आकडा मुद्दाम चुकवला. इंटरकॉम पुन्हा वाजला.

तीन आठवड्यांनी कॉम्प्युटरवाला रिसेप्शनचा प्रिंटर बघायला आला. काउंटरवरचा काकांचा फोन पाहून त्याने चौकशी केली आणि कपाळाला हात लावला.

“ओटीपी दुसऱ्याला सांगायचाच नसतो हो. तेवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप.”

फोन घेऊन तो खाली आला, त्यात एक ॲप टाकलं. “याला रेंज लागत नाही. आकडे फोनमध्येच तयार होतात. आधी बोलला असतात तर एवढे हाल झाले नसते.”

“हाल कसले,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून एक मिनिटाला मेल उघडला. चार नकाशे मागवले होते. काकांनी दोन पाठवले, मग रिसीव्हर उचलून वरचा नंबर लावला.

“काका, ओटीपी अडला का?”

“नाही, नाही. चालतंय.”

“मग?”

आदल्या संध्याकाळी एक म्हातारबाबा भर रस्त्यात छत्रीशी भांडत होते, ते सांगायचं होतं. पण त्यासाठी मुद्दाम फोन करावा इतकं त्यात काही नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

“सहज केला.”

“बोला ना,” बाई म्हणाल्या, तेवढ्यात त्यांच्याकडे दुसरा फोन वाजला. “एक मिनिट हं.”

काका रिसीव्हर कानाला लावून थांबले. बाई कुणाला तरी तिसऱ्या मजल्याचा रस्ता समजावत होत्या. मग आणखी एक फोन आला. काकांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि उरलेले दोन नकाशे शोधायला उठले. दुपारी जेवतानाही ते इंटरकॉमजवळच बसले.

सहाला वर आले तेव्हा बाई पर्स आवरत होत्या.

“अगंबाई, सकाळी तुमचं बोलणं राहूनच गेलं की. काय म्हणत होतात?”

“काही नाही. झालं ते काम.”

“मग बरं,” बाई म्हणाल्या आणि बस गाठायला झपाझप निघून गेल्या.