आधीच तापवलेलं पान

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट ऐन वेळी झालेली सहन होत नाही. पाहुणे आपल्या घरून निघायच्या आत ह्यांचा चहा उकळलेला असतो. प्रवासाला निघालो की गाडी यायच्या कितीतरी आधी आम्ही फलाटावरच्या बाकाला चिकटलेले. एकदा तर इतक्या लवकर पोचलो की आमच्या आधीची गाडी लागली आणि हे बॅगा घेऊन तिच्यातच चढायला निघाले. रविवारी लेकीचा फोन येतो, तेव्हा तिनं "बाबा, कसे..." म्हणेपर्यंत इकडून "मजेत!" जाऊन पोचलेलं असतं.

पोटापाण्याचं कामही ह्यांना नेमकं तसलंच मिळालं. लोकांच्या वेबसाइट झटकन उघडाव्यात, ही व्यवस्था ते बघतात. मी ऐकून ऐकून शिकले ते एवढंच: वेबसाइट मुळात एका ठिकाणच्या मशीनवर असते. तिच्या पानांच्या नकला गावोगावच्या मशीनवर ठेवल्या की ज्याला त्याला त्या जवळून मिळतात. एरवी एखाद्या गावात पहिल्यांदा कुणी पान मागितलं की ते मूळ ठिकाणाहून येतं. त्या पहिल्या माणसाला जरा ताटकळावं लागतं आणि मागच्यांची सोय होते. ह्यांना त्या पहिल्या माणसाची भारी दया. म्हणून कुणी मागायच्या आतच सगळी पानं सगळीकडे धाडून ठेवायची. ह्याला त्यांच्या धंद्यात कॅशे तापवणं म्हणतात.

"आणि कुणी मागितलंच नाही तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर राहतं पडून. बिघडत काही नाही."

"तुमच्या चहासारखं."

"चहा गार होतो. हे गार होत नाही."

"मग तापवता कशाला?"

ह्यावर ते वर्तमानपत्रात शिरले.

आमची लेक ठमी. चांगलं नाव ठेवलंय तिला, पण घरात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. तिच्या वाट्याला तर बापाचं हे तापवणं लहानपणापासून आलं. सुट्टी लागली की पुढच्या वर्षाची पुस्तकं कव्हरं घालून टेबलावर. कॉलेज कुठलं, ते तिला प्रश्न पडायच्या आत ठरलेलं. नोकरीचा अर्जसुद्धा ह्यांनीच लिहिला आणि मेलीला ती नोकरी लागलीही! एक दिवस ती म्हणाली, "बाबा, ह्यापुढे माझं मी बघते," आणि लांबच्या शहरात बदली मागून निघून गेली. तेव्हापासून हे तिला फोनवर फक्त "मजेत" म्हणत आले.

तिथं गेल्यावर तिनं राजीनामा टाकला. ज्यांना चित्र अजिबात काढता येत नाही, अशा मोठ्या माणसांना घरबसल्या चित्रकला शिकवायची, असं तिच्या डोक्यात आलं होतं. साहेबांनी तो राजीनामा खणात ठेवून दिला होता. सोमवारी सांग, म्हणाले. वर्गाला माणसं मिळाली तर राजीनामा पुढे जायचा, नाहीतर ठमी परत खुर्चीवर. एका मासिकात तिच्यावर छोटासा लेख आला होता आणि त्यात छापलं होतं, की नावनोंदणी तिच्या वेबसाइटवर शनिवारी सकाळी दहाला.

गुरुवारी तिचा फोन आला. "बाबा, चित्रांमुळे साइट फार हळू उघडतेय. जरा बघाल?"

त्या "बघाल"ची हे किती वर्षं वाट बघत होते, ते मलाच ठाऊक. आनंदानं उठले आणि डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत फिरले.

शुक्रवारी दुपारपर्यंत ठमीची सगळी पानं जगभर तापलेली होती. वर ह्यांनी गावोगावच्या मशीनना बजावून ठेवलं, की उद्या दिवसभरसुद्धा हीच पानं द्या, उगाच मुळाकडे धावू नका.

"अहो, पण तिला काही बदलायचं असलं तर?" मी म्हटलं.

"सगळं तयार आहे. आता काय बदलायचंय?"

शनिवारी दहा वाजले. चहा अर्थातच तयार होता. आम्ही फोन मधे ठेवून बसलो. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. मग फोन वाजला आणि ह्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, एकसुद्धा नाव नाही आलं." ठमीचा आवाज बसला होता. "लोक येतायत, दिसतंय मला. येतात आणि लगेच जातात. कुणाला नकोच आहे हो हे. मी साहेबांना कळवून टाकते."

ह्यांनी आपल्या मोबाइलवर तिची साइट उघडली. बोट टेकायचा अवकाश, पान हजर. सुंदर चित्रं आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत: नावनोंदणी उद्या सकाळी दहा वाजता सुरू.

शुक्रवारचं पान! सकाळी ठमीनं ते बदललं होतं. मालकीण म्हणून तिला मूळचं, ताजं पान दिसत होतं आणि बाकी सगळ्या जगाला ह्यांनी तापवून ठेवलेलं शिळं. बिचारे येत होते आणि त्यांना "उद्या या" म्हणून विजेच्या वेगानं परत पाठवलं जात होतं. एरवी मी हसून लोळले असते. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि मला भडभडून आलं.

गुपचूप दुरुस्त केलं असतं तर तिला कळलंही नसतं. क्षणभर तो विचार ह्यांच्या बोटांत आलेला मी पाहिला.

"ठमे, थांब. कुणाला काही कळवू नकोस," ते म्हणाले. "लोकांना हवंय. मीच त्यांना परत पाठवतोय." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

 "बाबा, आधी ते पुसून टाका," ठमी म्हणाली.

त्यांनी गावोगावची पानं पुसली. आणि सवयीनं हात पुढच्या बटणाकडे गेला. नवी पानं तापवायला! मी मनगट धरलं.

"आई, धरलास ना हात?" फोनमधून ठमी म्हणाली. "नका तापवू बाबा. पहिल्या माणसाला जरा थांबू दे. खरंच शिकायचं असेल तर थांबेल."

संध्याकाळपर्यंत नावं आली. किती जण "उद्या" वाचून कायमचे गेले, ते कळायला मार्ग नाही. वर्ग भरला नाही, पण सुरू करण्याइतका झाला. ठमीनं साहेबांना निरोप पाठवला, राजीनामा खणातून काढा.

रविवारी सकाळी हे न्हाणीघरात माफीची तालीम करत होते. चांगलं मोठं भाषण होतं, मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. फोन वाजला. ह्यांनी बाहेर येऊन तो स्पीकरवर टाकला, घसा खाकरला.

"बाबा, माफीबिफी राहू दे," ठमी म्हणाली. "कसे आहात?"

मी "मजेत"ची वाट बघत बसले. ते आलंच नाही. ह्यांनी फोन उचलून पुन्हा टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुसला. 

"ठमे," शेवटी ते म्हणाले, "तू गेल्यापासून करमत नाही गं. कशाची तयारी करायची, तेच कळत नाही मला."

 पुढचे शब्द काही येईनात.

"सावकाश बोला, बाबा," ठमी म्हणाली. "मी थांबलेय."