म्हातारीच्या पायातला काटा

गोदाने चिंचेवर हातोडी अशी हाणली की चिंचोका टुणकन उडाला आणि सासूच्या पायाशी जाऊन पडला. मोतीबाईने तो उचलून टोपलीत टाकला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. सुनेची आदळआपट आपल्या कानांपर्यंत पोचतच नाही असं दाखवण्यात तिचा हात धरणारं कडाव गावात कुणी नव्हतं. नेमका त्यानेच गोदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तर कोंडी डोईवर हंडा घेऊन निघाली," मोतीबाई म्हणाली. "सासूनं बजावलेलं, न आटणाऱ्या झऱ्याचं पाणी आण, नायतर घरात पाऊल टाकू नको. चालता चालता वाट फुटली. डावीकडं करवंदीची जाळी, उजवीकडं ओढा. सुपारी कुणाकडं हाय?"

शेजारच्या चांगोने मूठ उघडून सुपारी दाखवली. साठी उलटलेला माणूस, पण सुपारी हातात आली की चेहरा पोरासारखा व्हायचा. त्याने बराच विचार केला.

"ओढ्यानं जाऊ दे तिला."

"ओढ्यानं गेली. गुडघाभर पाणी, पायाखाली शेवाळ. दोनदा घसरली, हंडा सावरला. वळणावर आली आणि बघते तर काय, धोंड्यावर एक म्हातारी बसलेली. पायात काटा."

"हं," चिंचेच्या शिरा काढता काढता आळीतली सोनुबाई म्हणाली.

मोतीबाईची गोष्ट अशी होती. ती नुसती ऐकायची नसे, खेळायची असे. ज्याच्या हातात सुपारी त्याने वाट निवडायची, आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, मग कितीही विनवा. वैशाखात शेतात काही काम नसे, तेव्हा आळीतली माणसं आपापल्या घरच्या चिंचा घेऊन फोडायला म्हणून या ओटीवर यायची ती खरं तर यासाठी. गोदा लग्न होऊन या घरात आली त्याला आता अठरा वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांत तिने एकदाही हुंकार दिला नव्हता, आणि तिच्या हातात कुणी सुपारीही ठेवली नव्हती.

हुंकार द्यायला ती काही खुळी नव्हती. पहिल्याच वर्षी तिने ओळखलं होतं की हा सगळा बनाव आहे. परवाच याच फाट्यावर सोनुबाईने कोंडीला डावीकडे धाडलं होतं. जाळीत हात ओरबाडून घेऊन कोंडी बाहेर पडली, तर समोर हीच म्हातारी, तोच काटा! वाट कोणतीही धरा, म्हातारी बसलेलीच. आणि ही मोठमोठी माणसं आपणच तिला शोधून काढल्यासारखी खूश होऊन घरी जात. बाई आयुष्यभर सगळ्यांना हवं तिथे नेते आणि वर विचारते, कुठे जायचं? गोदाला याची किळस यायची.

"मावशी," ओटीच्या पायरीवरून आवाज आला, "परवा जाळीतनं गेलो तवा पण हीच म्हातारी भेटली होती की!"

तो गजा होता, मोतीबाईच्या बहिणीचा मुलगा. मोहोपाड्याला कारखान्यात कामाला होता, सुट्टी म्हणून आला होता. तो हसत होता, पण बोलणं सगळ्यांना लागलं. चांगोची मूठ आपोआप मिटली. गोदाला वाटलं, उठावं आणि या माणसाला आधी गूळपाणी द्यावं.

"भेटली असंल," मोतीबाई म्हणाली. "म्हाताऱ्या काय एकाच जागी बसतात?"

"तसं नाय. आमच्या कॉलनीत एका साहेबाकडं कंपूटर हाय. कॅसेट लावायची, टीव्हीवर गोष्ट येते. तू एका गुहेत हायेस, पुढं काय करतोस? मग आपण टाइप करायचं, दिवा घे, दार उघड. मी बसतो त्याच्यासंगती रविवारचा. तिथं डावीकडं गेलं तर एक, उजवीकडं गेलं तर दुसरंच. चुकलं तर मरतो माणूस. पण मेलो तर आपल्या चुकीनं मेलो. असं फसवत नाय कुणी."

"मेल्यावर काय होतं?"

"पुन्हा पहिल्यापासनं."

"मग त्याला मरण कसं म्हणतोस रं?"

चांगो हसला. गजाला ते आवडलं नाही.

"तुला नाय कळायचं. त्यात डोकं लागतं. एका दाराशी साहेब गेला महिनाभर अडकलाय."

"महिनाभर दाराशी उभा केलाय साहेबाला? आणि त्या गोष्ट सांगणाऱ्याला कुणी काय बोलत नाय?"

आता सोनुबाईही हसली. बाजू परत मोतीबाईकडे झुकली, आणि गोदाने हातोडी खाली ठेवली. दर वेळी हे असंच. कुणी कितीही कोंडीत पकडा, ही बाई बोलून सुटते.

"गजाभावजी," तिने विचारलं, "तुमच्या त्या खेळात मागं जाता येतं का?"

"येतं की. आल्या वाटेनं पार पहिल्या दारापर्यंत. हिच्यात कुठं येतं?"

गोदा उठली. तिने चांगोपुढे हात पसरला. तो गोंधळला, पण त्याने सुपारी तिच्या तळव्यावर ठेवली.

"आत्याबाई, आता माझी पाळी. कोंडीनं हंडा तिथंच ठेवला नि मागं फिरली. सासरी नाय. आईकडं गेली."

हा हंडा कोणता ते चांगोला कळलं आणि सोनुबाईलाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी गोदा भरला हंडा विहिरीवर सोडून चालती झाली होती. कर्जतला जाऊन तिने खालापूरची एस.टी. धरली आणि माहेर गाठलं. मोतीबाईच्या जिभेला तेव्हा अशी धार होती की भात जरा लागला तरी सुनेचा सात पिढ्यांपासून उद्धार व्हायचा. तिसऱ्या दिवशी मोतीबाई गोदाच्या आईच्या दारात हजर झाली. गोदाला मनगटाला धरून तिने परत आणलं, स्टँडपासून घरापर्यंत, सगळ्या गावादेखत. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. ती ठेवून घेत होती, हिने ओढून आणलं. आई पुढच्याच वर्षी वारली. मधल्या त्या दोन दिवसांच्या आधारावर गोदाने पुढची सगळी वर्षं काढली होती.

"तशी वाट नाय या गोष्टीत," मोतीबाई म्हणाली.

"का नाय?"

"नाय ठेवलेली."

"बघा, अडकली!" गजाने मांडीवर थाप मारली. "सुपारी वैनीकडं हाय मावशी. तुझाच कायदा."

"सुपारी दे गोदे. सोनुबाईला दे."

"नाय देत."

मोतीबाईने मान वर करून सुनेकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "नको गं."

ही बाई नको म्हणते आहे, आपल्याला, विनवून! गोदाला हे सुख सोसवेना. इतकी वर्षं हा दिवस उगवायची ती वाट बघत होती. तिने सुपारी घट्ट धरली.

"तुमाला येत नाय, म्हणून नको. सगळ्यांसमोर सांगा, कोंडी आईकडं गेली तर पुढं काय झालं. कुणी ओढून आणली तिला?"

मोतीबाईने टोपलीतली एक चिंच घेतली आणि तिच्या शिरा सोलायला लागली. ती सोलून झाली, दुसरी घेतली. बोलली तेव्हा तिची नजर हातातल्या कामावरच होती.

"गेली. आईनं दार उघडलं."

"हं," गजा म्हणाला.

"आईनं पोटाशी धरलं. भाकर नि सुकट वाढली. डोक्याला तेल लावून वेणी घातली. दुसऱ्या दिवशी दारात कासार आला, तर आईनं लेकीच्या दोनी हातांत हिरव्या बांगड्या भरल्या."

"हं."

गोदाला वाटलं, बरं झालं. म्हणू दे हिच्या तोंडाने, आई कशी असते ते. बांगड्या तर हिने पाहिल्याच होत्या. मनगट धरून आणताना त्यातल्या दोन वाढवल्याही होत्या हिने.

"लेक न्हाणीत गेली. तवा आईनं कासाराला ओटीखाली गाठलं. म्हणाली, तू कडाव..." मोतीबाई थांबली. "म्हणाली, तू पलीकडच्या गावाला जाशील, तर हिच्या सासूला निरोप दे. पोर इथं आलीया, येऊन घेऊन जा. धाकटीचं लगीन ठरतंय, थोरली परत आलेली दिसली तर मोडंल. पण तिला म्हणावं, मी बोलावलं हे पोरीला सांगू नको. तू आपल्या मनानंच आलीस, असं कर."

हुंकार द्यायला गजा विसरला, तरी मोतीबाई थांबली नाही.

"सासू गेली नि घेऊन आली. एवढंच."

गोदा उभीच होती. त्या दिवशी ती न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा कासार अजून अंगणात होता. पेटारी बांधून झालेली, खांद्यावर घेतलेली, तरी हललेला नव्हता, आणि आई त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. आपल्याला पाहून गप्प झाली. भाव करत असेल, असं गोदाला तेव्हा वाटलं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

"मग कोंडीला कळलं का?" गजाने विचारलं.

"नाय."

"सासूनं सांगितलं नाय?"

"कशाला सांगायचं? सासूचं नाव तसंही खराबच होतं."

चांगो खाकरला. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. सोनुबाईने आपली टोपली जवळ ओढली.

"आज काय रंगली नाय मोतीबाई," ती म्हणाली.

"हा काय शेवट झाला?" गजा तर चिडलाच. "ना झरा, ना पाणी! कोंडीनं वाट निवडली, तर तिच्या हाताला काय लागलं? साहेबाच्या खेळात निदान मेलास असं लिहून तरी येतं. उगाच नाव मोठं केलंय तुमी लोकांनी हिच्या गोष्टीचं."

"खरं हाय," मोतीबाई म्हणाली. "नाय जमली. वय झालं माझं."

गजाने विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. मोतीबाईने हार मानलेली कडावात कुणी कधी पाहिली नव्हती, आणि ती हार गोदानेच घडवून आणली होती. हवं ते तिला मिळालं होतं. तिने सुपारी या हातातून त्या हातात घेतली. सासूवर ओरडावं असं तिला वाटलं, खोटं बोलतेस म्हणून तिच्या अंगावर धावून जावं असं वाटलं, आणि ती खोटं बोलत नाही हे तिला लख्ख कळत होतं. आईचा राग करायला आता आई नव्हती. या घरात राग करायला होती ती एक हीच बाई, आणि तीही आपण होऊन त्या रागापुढे इतकी वर्षं बसून राहिली होती. मग ती खाली बसली.

"आत्याबाई."

"काय?"

"मी चुकून बोलले. कोंडी मागं गेलीच नाय. फाट्यावरनं डावीकडं गेली. जाळीतनं."

"हे काय वैनी!" गजा ओरडला. "निवडलेली वाट अशी परत घेता येत नाय."

"तुमीच म्हणाला ना, तुमच्या खेळात मागं येता येतं? मग मी आले मागं."

मोतीबाई सुनेकडे बघत राहिली. तिच्या हातातली चिंच सोलायची राहून गेली होती.

"जाळीतनं गेली," ती हळूहळू म्हणाली. "करवंदीनं हात ओरबाडले. लुगडं फाटलं. जाळी काय सरंना. कशीबशी भायेर पडली, आणि बघते तर काय..."

ती अडखळली. तिला पुढचं आठवत नव्हतं असं नव्हे.

"एक म्हातारी बसलेली. पायात काटा."

"आली परत म्हातारी!" गजा म्हणाला आणि चपला शोधायला लागला. चांगोही धोतर झटकत उठला. सोनुबाईचं लक्ष टोपलीत होतं. मोतीबाई थांबली होती. हुंकार आल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती.

गोदाने हातोडी उचलली, पण चिंचेवर मारली नाही.

"हं," ती म्हणाली.