कढत पाणी

त्या सकाळी शेडमधून चौदा मेलेल्या कोंबड्या निघाल्या. आदल्या दिवशी नऊ निघाल्या होत्या. धुक्यानं माती अशी चिकट झाली होती की खड्डा खणताना निम्मी फावड्यालाच लागून वर यायची. भाऊ खणत होता आणि त्याची थोरली बहीण, जिला सगळी आळी आक्का म्हणायची, कोंबड्यांखालचा ओला भुसा ओढून काढत होती.

"सगळ्यांचं पोट बिघडलंय," आक्का म्हणाली. "भुसा बघ, नुसता चिखल."

"मग ती तुझी पावडर काय कामाची?"



पावडर महिन्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिली होती. म्हणाल्या होत्या, "यात दह्यातल्यासारखे जिवंत जंतू आहेत. ते आतड्यात बिऱ्हाड थाटून बसले की वाईट जंतूंना पाय ठेवायला जागा उरत नाही." रोज सकाळी ती पाण्यात कालवून दाण्याला चोळायचं काम भावानं घेतलं होतं. त्यात थंडी अशी पडली की बादलीत हात घातला की बोटं बधिर व्हायची आणि पावडरीच्या गुठळ्या काही फुटायच्या नाहीत. मग त्यानं चुलीवरचं कढत पाणी ओतायला सुरुवात केली. गुठळी झटक्यात विरायची.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. एक कोंबडी कापून तिचं आतडं पाहिलं, मग हात धुता धुता विचारलं, "पावडर कशात कालवता?"

"पाण्यात," भाऊ म्हणाला.

"गार की कढत?"

भाऊ फावड्याची माती खरवडू लागला. उत्तर त्याला तेव्हाच कळलं होतं. जिवंत जंतू आपण रोज स्वतःच्या हातानं उकडून मारत होतो.

"कढत," आक्का म्हणाली. "मीच ओतायची. चुकलं माझं."

"आक्का, तुम्ही? एवढ्या जाणत्या असून?" डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. आक्का मान खाली घालून ऐकत राहिली. भाऊ कोंबड्यांकडे बघत राहिला. अंडी न्यायला आलेली शेजारची सुतारीण दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मग काय, तोंडाला कुलूप नसतं. आळीत कुणाकडेही नवी पिल्लं आली की पहिला आठवडा ती आक्काच्या हाताखाली असायची. त्या हाताखाली पिल्लू मरत नाही, असं बायका म्हणायच्या. त्या आठवड्यात सुतारणीकडे पन्नास पिल्लं आली आणि आक्काला बोलावणं आलं नाही. आक्का दोनदा सुतारणीच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा गेलीच नाही.

इकडे गार पाण्यात कालवलेली पावडर लागू पडली होती. मर थांबली, भुसा कोरडा राहू लागला. भावाला मात्र जेवण गोड लागेना. आक्का त्याला वाढायची तेव्हा तो ताटातून नजर वर करत नसे. एकदा तो म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"बादलीतून वाफ निघायची. मला वाटलं, हात शेकतोयस. माझंही लक्ष नव्हतं."

तेवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आठव्या दिवशी तो उठला आणि सुतारणीच्या ओसरीवर गेला. तिथं आणखी दोघीतिघी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कढत पाणी मी ओतलं होतं," तो म्हणाला. "आक्कानं माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

शेंगा फोडायच्या थांबल्या. सुतारीण म्हणाली, "बहिणीच्या पदराआड लपलास होय रे, एवढा बाप्या."

"हो," तो म्हणाला.

संध्याकाळी सुतारीण स्वतः आक्काला बोलवायला आली. आक्कानं पदराला हात पुसले आणि निघाली. कुंपणापाशी ती थांबली.

"सांगितलंस ते बरं केलंस," आक्का मागं वळून भावाला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण आठ दिवस लागले तुला."

आणि ती पिल्लांकडे गेली.