ट्वायलाचं नाव पुकारलं तेव्हा

सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी डोंगरावरच्या संगीत महोत्सवाला जायचं, दिवसभर ब्लूज गाणी ऐकायची आणि लहान लहान भट्ट्यांची बिअर चाखायची, हा वर्ना आणि ट्वायलाचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. गाडी वर्नाची आणि घाटात चालवायचीही तिनंच, त्यामुळे पिण्याचं काम ट्वायलाकडे. वर्ना एखादा घोट घ्यायची. बाकी दिवसभर ट्वायलाच्या बडबडीनंच तिला चढायची. दोघी खालच्या गावातल्या एकाच इस्पितळात कामाला होत्या. वर्ना एक्स-रे काढायची, ट्वायला नोंदणीच्या खिडकीवर बसायची.

यंदा मागच्या सीटवर रॅमोना होती. मार्चमध्ये ती ट्वायलाच्या शेजारच्या खिडकीवर रुजू झाली होती. "तीही येतेय. तुला आवडेल बघ," एवढंच ट्वायलानं सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वळणापाशी ट्वायला आणि रॅमोना खिदळायला लागल्या.

"काय झालं?" वर्नानं विचारलं.

"काही नाही गं. खिडकीवरची गंमत आहे. तुला नाही कळायची."

वर्नानं गिअर बदलला आणि रस्त्याकडे बघत राहिली.

मैदानावर ऊन छान पडलं होतं, अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झाली होती. रॅमोनानं काळ्या स्टाउटचा पेला आणला, वास घेतला आणि सरळ ट्वायलाच्या हातात दिला. ट्वायलानं तो अर्धा संपवला.

"काळी बिअर म्हणजे करपलेल्या पातेल्याचं पाणी, असं तूच म्हणायचीस ना?" वर्ना म्हणाली.

"म्हणायचे. आता आवडते."

हीच बिअर वर्नानं किती वर्षं पुढे केली होती, आणि किती वर्षं ट्वायलानं नाक मुरडलं होतं.

जेवण झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. झऱ्याकाठच्या छोट्या मंचावर दुपारी हौशी लोकांना गायला मिळायचं. तिथे ट्वायलानं नाव दिलं होतं.

"गाणार? तू?" वर्नाला हसूच आलं.

"मी गाणार, ही माउथ ऑर्गन वाजवणार. जेवणाच्या सुट्टीत हिच्या गाडीत बसून सराव करतोय. एप्रिलपासून."

एप्रिलपासून. म्हणजे बँकेत जायचंय, औषधं आणायचीत, असं सांगून ट्वायला निघून जायची ते सगळे दिवस. तेव्हा वर्ना उपाहारगृहात एकटीच सूप पीत बसायची.

तिघी छोट्या मंचासमोर येऊन बसल्या. थोड्या वेळानं ट्वायला संडासाच्या रांगेत गेली, रॅमोना माउथ ऑर्गन आणायला गाडीकडे. वर्ना तिघींच्या खुर्च्या राखत होती. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "ट्वायला मॅबरी."

फोन वर्नाच्या हातात होता. रांगही हाकेच्या अंतरावर होती.

"ट्वायला मॅबरी आहेत का इथे?"

वर्नानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मंचावर दुसराच कुणीतरी गिटार घेऊन चढला.

ट्वायला ओठांना रंग लावून परतली. "पुकारलं का गं मला?"

"नाही."

रॅमोना मात्र थेट मंचाकडे जाऊन चौकशी करून आली. "दोनदा पुकारलं म्हणतायत. आता अगदी शेवटी, जमलं तर."

ट्वायलानं वर्नाकडे पाहिलं. "तू इथेच होतीस."

"होते. ऐकलं मी."

"मग?"

"मला नको होतं तू गायलेलं."

खुर्ची उचलून ट्वायला रॅमोनापलीकडे जाऊन बसली.

तिची पाळी आली तेव्हा बहुतेक लोक मोठ्या मंचाकडे गेले होते. जेमतेम तीसेक उरले होते. सुरुवातीला आवाज कापला, मग सावरला. जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज होता. कधीतरी खूप रडून मोकळ्या झालेल्या बाईचा. वर्ना टाळ्या वाजवत राहिली आणि आतून जळतही राहिली. ट्वायलाचा घटस्फोट झाला तेव्हा ती महिनाभर वर्नाच्याच सोफ्यावर झोपली होती. तरी हा आवाज आधी सापडला तो रॅमोनाला.

परत येताना ट्वायला मागे बसली. रॅमोना आपल्या घरापाशी उतरली, तरी ट्वायला पुढे आली नाही.

"चुकलं माझं," वर्ना आरशात बघत म्हणाली.

"चुकलंच. पण तू हसलीस, ते जास्त लागलं."

"मला कधी सांगितलं नाहीस, की तुला गायचंय."

"दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं, ह्याच घाटात. तेव्हाही तू हसली होतीस."

वर्नाला ते आठवेना. आठवत नाही म्हणायचीही तिला लाज वाटली.

ट्वायलाचं घर आलं. दार उघडता उघडता ती म्हणाली, "सोमवारी बारा वाजता ये, रॅमोनाच्या गाडीत. नुसतं ऐकायचं. मतं द्यायची नाहीत."

"तिला चालेल?"

"तिनंच सुचवलंय."

हे तर वर्नाला सगळ्यात जास्त झोंबलं. तरी सोमवारी ती गेली. मागच्या सीटवर, टाकलेल्या कोटांच्या शेजारी अंग चोरून बसली आणि पाऊण तास एक शब्दही बोलली नाही.