शिट्टी वाजते ती जागा

सिनेमा मी लिहिला होता, त्यामुळे शिट्ट्या कुठे पडायला नकोत हे मला पक्कं ठाऊक होतं. नेमक्या तिथेच पडल्या.

पडद्यावरचा संशयी नवरा कामाला निघतो. दार ओढून घेतो आणि कडीपासून चौकटीपर्यंत काळा दोरा डिंकाने चिकटवतो. संध्याकाळी दोरा तुटलेला दिसला, की बायको बाहेर गेली होती. हे बघून लोकांच्या अंगावर काटा यावा म्हणून मी तीन महिने डोकं झिजवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढे बायको नवा दोरा लावते, पण नवऱ्याने जुन्याला मारलेली बारीक गाठ त्यात नसते. ती पकडली जाते, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "शाब्बास रे वाघा!"

मान वळवली. ताईचा नवरा. आमचे दाजी. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो, इथे करणार नाही.

खेळ सुटल्यावर त्याने पाठीवर थाप मारली. "काय लेखकराव! तिसऱ्यांदा बघतोय. काय डोकं चालतं तुमचं!"

"दाजी, तो माणूस नालायक आहे. शेवटी रडतो तो."

"रडणारच! एवढा जीव लावला बायकोला. तुमच्या ताईलाही दाखवून आणला."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? गप्प होती." तो हसला. हसताना अंगठ्यावरचं वाळलेलं काहीतरी नखाने खरवडत होता. मला ते हसू आवडलं नाही, आणि तो अंगठा तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताईचं दार गाठलं. ताई कपड्यांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर बसते, या वेळी ती घरी असायचं कारणच नाही. तरी कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला. कडीपासून चौकटीपर्यंत काळा दोरा. तिच्याच मशीनच्या रिळाचा.

"हात लावू नकोस!" दाराशेजारच्या खिडकीतून ताई म्हणाली.

"कधीपासून हे?"

"चार दिवस झाले. निरोप आलाय, आज अकरापर्यंत गेले नाही तर मशीन दुसरीला देणार. आठ वर्षं बसले रे त्या मशीनवर."

"मग नीघ की. आपण दुसरा दोरा लावू."

"गाठ बघ त्याला. हुबेहूब तशी मारून बघितली, जमत नाही."

वाकून बघितलं. कडीपासून चार बोटांवर, तिळाएवढी. माझीच गाठ.

"ती पळवाट तूच बुजवलीस, शहाण्या."

"अगं, मी असल्या नवऱ्यांच्या विरुद्ध लिहिलंय!"

"कळलंय मला. थेटरात ते कळलेली बहुतेक मी एकटीच. पण शेवटी तो रडला ना, तेव्हा मीही रडले. त्याच्यासाठी. ती बाई कुठे होती रे तेव्हा?"

"स्वयंपाकघरात."

"काय म्हणाली?"

काही नाही. मी तिला वाक्यच दिलं नव्हतं. आठवडाभर लोकांना गाढव म्हणत हिंडत होतो, आणि सगळी अक्कल, सगळे टाळीचे संवाद मी त्या हलकटाला वाटले होते. शिट्टी काय स्वयंपाकघरासाठी वाजणार? लिहिताना मलाही तोच आवडला होता की काय, असा माझाच मला संशय आला.

खिडकी लागली. आत डब्याचं झाकण वाजलं. मग दार आत ओढलं गेलं आणि दोरा तुटला. आवाजसुद्धा झाला नाही.

"टोकं काढून टाकू?" मी विचारलं.

"लोंबू देत. बघू दे त्याला." तिने चपला सरकवल्या. "तो सहाला येतो, मी साडेसहाला. मधला अर्धा तास तू इथे बसायचंस."

"मी काय बोलू त्याच्याशी?"

"लेखक ना तू?" जिन्याच्या वळणावर ती थांबली. "आणि या वेळी चांगली वाक्यं त्याला देऊ नकोस."

पावणेसहाला मी येऊन पायरीवर बसलो. सहाला दाजी जिना चढून आला. माझ्याकडे न बघता आधी कडीपाशी वाकला. दोन टोकं लोंबत होती.

सिनेमात या जागी शिट्ट्या पडतात. इथे तो माझ्याकडे वळला, जणू मीच वाजवायची होती.

"दाजी," मी म्हणालो, "ती कामावर गेली आहे. उद्याही जाणार आहे."